नव्या घराचा पहिला सण



दिवाळी तोंडावर आली की घरोघरी एकच घाई असते. जाळी-जळमटं काढायची, गोधड्या धुवायच्या, डबे घासायचे, रंग द्यायचा, मग फराळाला लागायचं. पण ज्यांचं घर यंदाच बांधून झालंय, त्यांची घाई जरा निराळी असते. स्लॅब पडला, फरशी बसली, दाराला रंग लागला, आता या घरातली पहिली दिवाळी. तोरण कसलं लावायचं, आकाशकंदील कुठं टांगायचा, जेवायला कुणाकुणाला बोलवायचं, आणि या सगळ्याला पैसे कुठून आणायचे, हे प्रश्न त्या घरच्या बाईला रात्री झोपू देत नाहीत.

म्हणून आज आम्ही नव्या घराचा आणि सणाचा इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण दाराच्या तोरणाला, उंबरठ्यावरच्या रांगोळीलाही इतिहास असतो. त्यात पाणी असतं, जनावरं असतात, जात असते, कर्ज असतं आणि कागदसुद्धा असतो. आम्ही बोलतोय राळेगणसिद्धीतून, पारनेर तालुक्यातून. म्हणून गोष्टही आमच्या गावापासूनच सुरू करू.

आपल्या आज्या-पणज्यांची घरं कशी होती ते आधी आठवू. आपल्या भागात दगड-मातीच्या भिंती आणि वर धाबं. लाकडी तुळया, त्यावर बारीक लाकडं आणि पाला, आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. असं घर बांधायला गावच्या सुताराची, गवंड्याची मदत लागायची. दाराची चौकट उभी केली की तिची पूजा व्हायची. हळद-कुंकू, नारळ, आंब्याचे टहाळे. घर पुरं झालं की घरभरणी. शब्दच किती नेमका आहे बघा! नुसत्या भिंती उभ्या राहून घर होत नाही. धान्यानं, पाण्यानं आणि माणसांनी ते भरावं लागतं.

पण मातीचं घर एकदा बांधून संपत नसे. पावसाळ्यात भिंती धुपत, धाबं गळे, जमिनीला पोपडे येत. मग घटस्थापनेच्या आधी बायका पांढरी माती खणून आणत, डोक्यावरून वाहत, ती भिजवून भिंतींना हात देत. जमीन शेणानं सारवत. चुलीला रोज पोतेरं. भिंतीला चुना, त्यात चिमूटभर निळीची झाक, खाली गेरूचा पट्टा. अंगणात सडा आणि शिरगोळ्याच्या भुकटीची रांगोळी. नागपंचमीला भिंतीवर नाग, दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी.

आज आपण याला सजावट म्हणतो. तेव्हा ती घराची डागडुजीच होती. सारवल्यानं धूळ बसायची, भेगा बुजायच्या. पांढऱ्या मातीनं गळती थांबायची. चुन्यानं किडा-मुंगी कमी व्हायची. सण हे त्या कामाचं वेळापत्रक होतं. घर बांधायचं काम पुरुषांचं म्हणून मोजलं गेलं, पण ते घर वर्षानुवर्षं उभं राहायचं ते बायकांच्या हातामुळं. या कामाला कुणी बांधकाम म्हटलं नाही, त्याची मजुरीही कुणी लावली नाही.

आता या कामाला काय काय लागतं ते मोजा. सारवायला शेण लागतं, म्हणजे दावणीला जनावर लागतं. जनावराला चारा लागतो. माती भिजवायला, सडा टाकायला, गोधड्या धुवायला पाणी लागतं. आणि बाईच्या हाताशी चार दिवसांची सवड लागते. यातलं एक जरी नसलं तरी सण कोरडा जातो.

१९७२ च्या दुष्काळात यातलं काहीच नव्हतं. नगर जिल्ह्यानं तो दुष्काळ फार सोसला. जनावरं विकली गेली, मेली. विहिरी आटल्या. बायका सकाळी भाकरी बांधून सरकारी कामावर खडी फोडायला जात होत्या. घरात लाल मिलो आणि कामावर सुकडी. त्या साली कित्येक घरांत पणतीला तेल नव्हतं. ज्या घरात हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालावं लागतं, तिथं अंगणात सडा कोण टाकणार?

राळेगणसिद्धीचं दुखणं मात्र एका वर्षाच्या दुष्काळाचं नव्हतं. इथं पाऊसच कमी, आणि पडायचा तोही उताराला लागून वाहून जायचा. गावात शंभर एकर जमीनही नीट भिजत नव्हती. शेती पिकेना म्हणून दारूच्या भट्ट्या लागल्या. गावात तीस-चाळीस भट्ट्या होत्या असं सांगतात. यादवबाबांच्या देवळाची लाकडंसुद्धा काढून भट्टीखाली जाळली गेली. जिथं देवळाचं लाकूड टिकलं नाही, तिथं घराघरातल्या डब्यातले सणाचे पैसे कसे टिकणार? बाईनं गाठीला बांधलेली चवली-पावली संध्याकाळी भट्टीवर जायची. सण आला की बायकांना आनंदापेक्षा धास्तीच जास्त असायची, कारण सणाच्या दिवशी पिणं वाढायचं.

१९७५ साली अण्णा हजारे सैन्यातली नोकरी संपवून गावी आले. त्यांनी आपल्या फंडाच्या पैशातून पहिलं काम हाती घेतलं ते यादवबाबांच्या देवळाच्या दुरुस्तीचं. मग गावानंही हात लावला. आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीनं बघितलं, तर गावानं आधी आपलं सामाईक घर नवं केलं. पुढं तिथंच बसून गावाचे निर्णय होऊ लागले. दारूबंदीची बोलणी तिथंच, श्रमदानाची ठरवणीही तिथंच.

त्यानंतर आलं पाणी. गळक्या पाझर तलावाची दुरुस्ती झाली, नाल्यांवर बांध पडले, उतारावर चर खणले, झाडं लावली. त्याबरोबर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ठरली. मोकाट चराई थांबली म्हणून डोंगरावर गवत वाढलं. ते कापून आणून जनावरं दावणीला बांधून पोसता आली. दूध वाढलं, शेण वाढलं. शेणाचं खत झालं आणि पुढं काही घरांत गोबरगॅसही आला. विहिरींना पाणी टिकलं आणि जादा पाणी पिणाऱ्या उसाला गावानं आवर घातला.

हा सगळा पाणलोटाचा इतिहास तुम्ही अनेकदा ऐकला असेल. आमच्या गावाला बाहेरून माणसं बघायला येतात, तीही बांध बघतात, चर बघतात. आम्ही तुम्हाला तो उंबरठ्यावरून दाखवतोय. बांधात पाणी अडलं म्हणून अंगणात सडा पडला. चारा आला म्हणून सारवायला शेण आलं. भट्टी बंद झाली म्हणून सणाचा पैसा सणाला उरला. पिकाला भाव मिळाला, दुधाचा पगार सुरू झाला, तेव्हा कुठं लोक नव्या घराचं बोलू लागले. गावात पक्की घरं दिसू लागली ती या सगळ्यानंतर.

आता थोडं ‘नवं घर’ या शब्दाकडं वळू. पुरुषाचं नवं घर म्हणजे त्यानं बांधलेलं घर. बाईचं पहिलं नवं घर म्हणजे सासर. ती माप ओलांडून आत येते, आणि पहिल्या वर्षीचे सगळे सण तिच्यासाठी परीक्षा असतात. मंगळागौर, दिवाळसण, संक्रांतीचं वाण. माहेरहून काय आलं, किती आलं, यावर तिची किंमत ठरते. कित्येक पोरींच्या जिवावर हे सण बेतलेत.

आमच्या गावात या बाबतीत दोन गोष्टी झाल्या. एक, सामुदायिक विवाह सुरू झाले. एकाच मांडवात अनेक लग्नं, त्यामुळं मांडवाचा, जेवणावळीचा खर्च वाटला गेला आणि मुलीच्या बापावरचं कर्ज हलकं झालं. दुसरी, २ ऑक्टोबरला गावाचा वाढदिवस करायची प्रथा पडली. त्या दिवशी गावातल्या सर्वांत वयोवृद्ध बाईला आणि पुरुषाला गावाचे आई-वडील मानून त्यांचा सन्मान करायचा. वर्षभरात जन्मलेल्या बाळांना कपडे द्यायचे. आणि वर्षभरात गावात आलेल्या नव्या सुनांचं गावानं स्वागत करायचं. श्रीमंताची सून असो की गरिबाची, मान एकच. माहेरहून काय आणलंस, असं तिला तिथं कुणी विचारत नाही.

तोरणाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. पूर्वी अनेक गावांत सणाला वेशीचं, दाराचं तोरण आणून बांधायचं काम मातंग समाजाकडं असे. तोरण वळणारे हात त्यांचे, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायची त्यांना बंदी. त्यांची आणि इतर दलितांची घरं गावाबाहेर, पडक्या भिंतींची. सण त्यांच्या श्रमावर सजायचा आणि त्यांच्या ताटात दुसऱ्यांच्या घरचं उरलेलं पडायचं.

राळेगणसिद्धीत दलित कुटुंबांची घरं गावानं श्रमदानातून बांधली. बँकेच्या कर्जात अडकलेल्या दलित कुटुंबांची जमीन गावानं मिळून कसली आणि आलेल्या पिकातून ते कर्ज फेडलं. स्वतःच्या घराच्या दाराला स्वतःसाठी तोरण बांधायचं, याचा अर्थ काय ते त्या घरातल्या बायांनाच जास्त कळलं असेल. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमच्या गावाच्या शिस्तीवर अभ्यासकांनी प्रश्नही विचारलेत. कुणी काय खावं हे गावानं ठरवावं का, आणि ते ठरवताना दलितांचं म्हणणं कितपत ऐकलं गेलं, असे ते प्रश्न आहेत. ते विचारले गेले पाहिजेत. घर बांधून दिलं म्हणून त्या घरातली चूल आणि सण कसा असावा, हेही देणाऱ्यानं ठरवावं असं नाही. ते ठरवायचं त्या घरातल्या माणसांनी.

सण म्हणजे फक्त दिवाळी असंही नाही. आपल्या जिल्ह्यात नाताळला ख्रिस्ती घरांवर कागदी तारा लागतो, ईदच्या आधी मुस्लिम घरांना रंग लागतो, आंबेडकर जयंतीला निळ्या पताका लागतात. प्रत्येक घराचा पहिला सण वेगळा, पण झाडलोट करणारे हात सगळीकडं बायकांचेच.

आता आजच्या घराकडं येऊ. सिमेंटचं घर आलं आणि सारवण गेलं. काही जण हळहळतात, मातीच्या घराची सर नाही म्हणतात. ज्यांनी वाकून वाकून घरं सारवलीत, त्यांच्या कंबरेला विचारा. सारवण गेलं ते बरंच झालं. फरशी पुसली की झालं. पण कामाच्या जागी आता खर्च आलाय. पूर्वी माती, शेण, आंब्याची पानं, झेंडू, कामट्या आणि पतंगी कागदाचा आकाशकंदील, यातलं बरंचसं घरचं किंवा शेजारचं असायचं. आता प्लॅस्टिकचं तोरण, विजेच्या माळा, चिकटवायची रांगोळी, सगळं विकत. त्यात नवं घर म्हटलं की वास्तुशांत, मांडव, जेवणावळ, आहेर.

हिशेब करून बघा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली, तेव्हा सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये ठरले होते, तेही हप्त्याहप्त्यानं. एवढ्यात घर पुरं होत नाही हे आपल्याला माहीत आहे. वरचे पैसे बचत गटातून, सावकाराकडून, सोनं गहाण टाकून उभे राहतात. आणि मग त्याच घराच्या घरभरणीला आणखी कर्ज. गटाचा हप्ता थकतो तो पुष्कळदा इथंच. आमच्या गावानं लग्नाचा खर्च वाटून घेतला, तसा घरभरणीचाही घेता येईल. एका वस्तीत चार-पाच घरकुलं एका वेळी पुरी होतात. मांडव एक, स्वयंपाक एक, भांडी गटाची. झेंडू ज्याच्या रानात आहे त्याचा, रांगोळी गटातल्या पोरींची. यात कुणाचा मान कमी होत नाही.

दुसरा प्रश्न मानाचाच आहे. नव्या घराच्या पूजेला पाटावर कोण बसतं? जोडपं बसतं. मग जिनं नवऱ्यामागं मोलमजुरी करून, हप्ते फेडून घर उभं केलं, तिनं काय करायचं? पुष्कळ ठिकाणी दीर-जाऊ पाटावर बसतात आणि घराची मालकीण आत स्वयंपाकघरात. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही तिला बोलावणं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं असं सांगितलं. ठराव कागदावर होतो, तो अंगणात आणायचं काम आपलं. तिच्या घराचं तोरण तिनं बांधावं आणि गटातल्या बायकांनी तिची ओटी भरावी. पाटावर तिनंच बसावं.

आता तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न. दाराला तोरण लागलं, शेजारी नावाची पाटी लागली. त्या पाटीवर नाव कुणाचं?

गौरी-महालक्ष्मी येतात तेव्हा आपण काय करतो? दारापासून आतपर्यंत पावलं काढतो. गौरीला हातात घेऊन स्वयंपाकघर दाखवतो, धान्याची कणगी दाखवतो, गोठा दाखवतो. हे सगळं तुझं आहे, इथं राहा असं सांगतो. मातीच्या मुखवट्याला सांगतो ते घरातल्या जित्या बाईला कधी सांगतो का? शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी हाच प्रश्न शेतकऱ्यांना विचारला. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर काही वर्षांत ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम आली. घरच्या लक्ष्मीचं कर्ज आपल्यावर आहे असं मानून शेतकऱ्यांनी राजीखुशीनं जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे केला. हजारो बायकांचं नाव पहिल्यांदा सातबाऱ्यावर आलं.

घराबाबत २००३ साली राज्य शासनानं सांगितलं की, गावातल्या घराची नोंद पती आणि पत्नी दोघांच्या नावे करावी. ही नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये होते. तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. हा नमुना ८ ग्रामपंचायतीचा, घरपट्टीचा. घरकुलाच्या योजनेतही घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे द्यावं असा नियम आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी होते आणि घराच्या जागेचं मालमत्ता पत्रक मिळतं. नमुना ८ हा मुळात कराचा कागद, मालकीसाठी मालमत्ता पत्रक जास्त वजनाचं. म्हणून मोजणी झाली असेल तर त्यावर आपलं नाव आहे का, हे बघायचं.

ज्यांचं नाव कुठंच नाही, त्यांनीही घाबरू नये. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २००६ च्या ऑक्टोबरमध्ये लागू झाला. त्यात बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, मग ते घर कुणाच्याही नावे असो. रात्री-अपरात्री घराबाहेर काढलेल्या बाईनं हे लक्षात ठेवावं आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला गाठावं. तिच्या सोबत गटातली एखादी तरी जावी.

मैत्रिणींनो, ज्या घराच्या भिंतींना आपल्या आज्यांनी दरवर्षी हात दिला, त्या घराच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं. भिंतीवर बोटांचे ठसे होते, तेवढीच त्यांची सही. पुढच्या पावसात तीही धुऊन जायची. आपल्याला आता शाईची सही करता येते.

म्हणून येत्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला. यंदा आपल्या गटात कुणाकुणाच्या नव्या घराचा पहिला सण आहे, त्यांची यादी करा आणि घरभरणीचा खर्च मिळून कसा करता येईल ते ठरवा. त्यातल्या एकल बायकांच्या घरी कोण कोण जाणार, ते नावानिशी ठरवा. आणि दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडाल, तेव्हा घराचा कागद बाहेर काढा. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवा. नाव नसेल तर दिवाळी झाल्यावर ग्रामपंचायतीत अर्ज द्या, एकटीनं न देता सगळ्यांनी मिळून द्या, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

नव्या घरातल्या सगळ्या मैत्रिणींना पहिल्या सणाच्या शुभेच्छा. नमस्कार.